खर्ड्याच्या माळावरून कोलकात्याच्या मैदानावर

आमचे खर्डा गाव जामखेड तालुक्याच्या एका टोकाला, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या शिवेजवळ. बाहेरच्या माणसाला गावाचे नाव सांगितले की तो शाळेतले पुस्तक आठवून म्हणतो, ‘लढाईचे खर्डा ना?’ तेच ते. ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांची लढाई इथे झाली आणि निजाम अली खान माघार घेऊन आमच्या किल्ल्यात शिरला. मराठ्यांनी वेढा घातला, पाणी तोडले, शेवटी तह झाला.

आम्ही दोघे नवरा-बायको शिक्षक. मुलांना हा किल्ला दाखवायला नेतो तेव्हा एक प्रश्न हमखास विचारतो : किल्ला कोणाचा? कोणी म्हणते निजामाचा, कोणी म्हणते मराठ्यांचा. मग आम्ही सांगतो, की १७४३ साली तो बांधला सुलतानराव निंबाळकरांनी. सरदार मराठा, चाकरी निजामाची. वेढा घालणाऱ्या मराठी फौजेत मुसलमान शिपाई होते आणि निजामाच्या फौजेत हिंदू सरदार होते. कवायती पलटणींचे अधिकारी तर दोन्हीकडे फ्रेंच, निजामाकडे रेमाँ आणि शिंद्यांकडे पेराँ. मुले गोंधळतात. ‘सर, मग लढाई नक्की कुणाकुणाची?’ असे विचारतात. तो गोंधळ आम्हाला आवडतो. आमचा इतिहासाचा तास तिथून सुरू होतो.

किल्ल्याजवळच्या मोकळ्या रानात संध्याकाळी आमची पोरे फुटबॉल खेळतात. २०२१ साली इथे ७४ मीटर उंचीचा भगवा स्वराज्य ध्वज उभारला गेला. वारा कुठला आहे ते पोरे त्या ध्वजाकडे पाहून ठरवतात आणि मग कोणता गोल घ्यायचा यावर भांडतात. गोलखांब म्हणजे दोन दगड. बूट कोणाकडेच नव्हते. कोणी चपला काढून अनवाणी, कोणी शाळेच्या बुटांत. आमचा मुलगा त्यांतलाच एक. पंधरा-सोळा पोरांत दहा-अकरा आपल्या घरांतली, बाकीची मराठा आणि धनगर वस्तीवरची. गोलकीपर एका शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्यासारखा चेंडूवर झेपावणारा पोरगा अख्ख्या तालुक्यात नसेल, असे आमच्या मुलाचे मत.

गेल्या पावसाळ्यात या पोरांनी रीतसर संघ काढायचे ठरवले. गावातल्या एका भल्या व्यापाऱ्याने जर्सी आणि चेंडू द्यायचे कबूल केले. मनाने उदार माणूस. गरीब मुलांची फी गुपचूप भरणारा. पण त्याने अट घातली, की संघाला आपल्या जमातीचे नाव हवे आणि संघात पोरेही आपलीच हवीत. ‘आपल्या पोरांना कुठे कोण संधी देतो? आपली आपणच दिली पाहिजे,’ असे त्याचे म्हणणे. आणि वर एक दाखला : ‘कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंग क्लब नाही का? एवढा मोठा क्लब. त्यांना चालते, मग आपल्याला का नाही?’

पोरांत दोन तट पडले. आमचा मुलगा घरी येऊन एवढेच म्हणाला, ‘अब्बा, मग आमचा गोलकीपर कुठे जाणार?’

आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. त्या व्यापाऱ्याच्या बोलण्यात तथ्य नव्हते असे नाही. बैठकीत आम्ही म्हटले, दिवाळीच्या सुट्टीत कोलकात्याला मावसबहिणीच्या घरी अकीका आहे, आम्ही जाणारच आहोत. तो क्लब पाहून येऊ, त्याची सुरुवात कशी झाली ते समजून घेऊ, मग बोलू. नाव-जर्सीचे तोवर थांबले.

२०२४ च्या दिवाळीत आम्ही तिघे निघालो. एसटीने नगर. जिल्ह्याचे नाव नुकतेच अहिल्यानगर झाले होते, तरी कंडक्टर ‘नगर, नगर’ असेच ओरडत होता. रात्री आझाद हिंद एक्सप्रेस. सकाळी डोळे उघडले तेव्हा विदर्भ सुरू झालेला. मग नागपूर, छत्तीसगड, साल वृक्षांची जंगले. खर्ड्याच्या कोरड्या माळावर वाढलेल्या आमच्या मुलाने खिडकी काही सोडली नाही. दुसरी रात्र सरता सरता, पहाटे, हावडा.

हुगळीवरची बोट धरून आम्ही पलीकडे उतरलो. मुक्काम पार्क सर्कस भागात. अकीक्याची गडबड दोन दिवस चालली, आणि तिसऱ्या दिवशी बहिणीचे सासरे आम्हाला मैदान दाखवायला घेऊन निघाले. वय ऐंशीच्या आसपास, हातात काठी, पण फुटबॉलचा विषय निघाला की काठी खांद्यावर जाते. त्यांच्या वालिदांनी १९३४ चा मोहमेडन पाहिला होता आणि तो त्यांनी मुलाला इतक्यांदा सांगितला, की आता मुलालाही तो स्वतः पाहिल्यासारखा वाटतो.

वाटेत एस्प्लनेडला टिपू सुलतान मशीद लागली. टिपूंचे धाकटे चिरंजीव प्रिन्स गुलाम मोहम्मद यांनी ती १८४२ साली बांधली. आम्ही तिथे थबकलो, कारण खर्डा आठवले. आमच्या गावच्या लढाईत इंग्रज निजामाच्या मदतीला आले नाहीत. दुबळा झालेला निजाम तीनच वर्षांनी, १७९८ साली, इंग्रजांच्या तैनाती फौजेच्या करारात अडकला. त्याच्या पुढच्या वर्षी, १७९९ साली, श्रीरंगपट्टणला इंग्रज आणि निजाम मिळून टिपूंवर चालून गेले. टिपू शहीद झाले, त्यांची मुलेबाळे आधी वेल्लोरला आणि १८०६ च्या बंडानंतर कोलकात्याला आणून ठेवली गेली. खर्ड्याच्या माळावर फुटलेल्या तोफेचा आवाज असा इथवर आला. शाळेत हे धडे वेगवेगळ्या पानांवर असतात, मशिदीसमोर उभे राहिल्यावर ते एका ओळीत बसले.

तिथून चालत मैदान. कोलकात्याचे मैदान म्हणजे नुसती खेळायची जागा नव्हे. शहराच्या पोटात मैलभर पसरलेले हिरवे कुरण, एका बाजूला फोर्ट विल्यम. जमीन लष्कराच्या ताब्यात, त्यामुळे इथे क्लबांना पक्की इमारत बांधता येत नाही. म्हणून क्लबाच्या कार्यालयाला सगळे आजही ‘टेंट’, म्हणजे तंबू, म्हणतात. मोहन बागानचा तंबू, ईस्ट बंगालचा तंबू, आणि रेड रोडच्या बाजूला मोहमेडन स्पोर्टिंगचा. याच रेड रोडवर ईदची मोठी नमाज होते. फाटकावर काळा-पांढरा रंग. रखवालदाराने आत कठड्यापर्यंत जाऊ दिले. समोर गवत, दोन गोलखांब आणि रिकाम्या पायऱ्या. आमचा मुलगा थोडा हिरमुसला. त्याला काहीतरी भव्य दिसेल असे वाटले होते. सासरे पायरीवर बसले, आम्हीही बसलो, आणि त्यांनी सुरुवात केली. त्यांचे सांगणे, आणि पुढे आम्ही वाचून पडताळलेले, असे मिळून इथे मांडतो.

इंग्रजी पलटणींनी हा खेळ कोलकात्यात आणला. बंगाली तरुणांनी तो उचलला आणि क्लब काढले. मोहन बागान १८८९ सालचा. त्याआधी दोन वर्षे, १८८७ साली, नवाबजादा अमीनुल इस्लाम यांच्या पुढाकाराने काही मुसलमान तरुणांनी ज्युबिली क्लब काढला. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याचे ते सुवर्णमहोत्सवी वर्ष. पुढे त्याचे नाव क्रेसेंट क्लब झाले, मग हमीदिया क्लब, आणि १८९१ साली मोहमेडन स्पोर्टिंग. चार वर्षांत चार नावे! आमचा मुलगा हसला. ‘म्हणजे यांचेही नावावरून भांडण होते तर.’

जमातीचे नाव घेणे तेव्हा जगावेगळे नव्हते. मुंबईतही पारशी, हिंदू, इस्लाम अशा जिमखान्यांच्या नावांनी क्रिकेट चालत असे. बंगालमधला मुसलमान शिक्षणात मागे, नोकऱ्यांत मागे, आणि खेळाच्या मैदानावर तर दिसतच नव्हता. ज्यांना कुठल्या पंक्तीत पाट नव्हता त्यांनी आपला पाट मांडला. आमच्या गावच्या व्यापाऱ्याचे म्हणणे इथवर खरे होते, आणि आम्ही ते तिथेच मान्य केले.

पण पाट मांडला म्हणजे ताट भरत नाही. नाव ठरले १८९१ साली. त्यानंतरची चाळीस वर्षे काय? कूचबिहार कपासारखी एखादी स्पर्धा जिंकली, बाकी फार काही नाही. १९११ साली मोहन बागानच्या बहुतेक अनवाणी खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा अख्खा देश नाचला. मुसलमान मोहल्ल्यांतही आनंद झाला. मोहमेडनला मात्र कलकत्ता लीगच्या दुसऱ्या विभागात जागा मिळाली ती १९२७ साली, आणि तिथेही त्यांची धडपडच चालली होती. नाव होते, जमात होती, टाळ्या वाजवणारे होते. जिंकणे तेवढे नव्हते.

बदल झाला तो तिसाव्या दशकाच्या सुरुवातीला. अझीझ नावाचे एक पदाधिकारी क्लबाला लाभले. त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे खेळाडू कुठून आणायचे याची वेस मोडली. कोलकात्यातलीच पोरे हवीत असा हट्ट न धरता बंगळूरसारख्या लांबच्या गावांतले खेळाडू शोधून आणले. त्या काळी खेळाडूला उघड पगार देण्याची रीत नव्हती, पण सासऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे परगावच्या पोरांच्या जेवणाची, राहण्याची काळजी क्लब घेत असे. पुढे ज्याला व्यावसायिक फुटबॉल म्हटले गेले त्याची ही बाराखडी.

दुसरी गोष्ट बुटांची. कलकत्ता लीग ऐन पावसाळ्यात चालते. कोरड्या मैदानावर अनवाणी खेळाडू पलटणीच्या गोऱ्यांना गुंगारा देत, पण पाऊस पडला, चिखल झाला, की पाय घसरायचे आणि बूटवाले गोरे जिंकायचे. हे सगळ्यांना दिसत होते. अनवाणी खेळण्यात एक अभिमानही होता. अझीझ यांनी अभिमान बाजूला ठेवला. ओल्या मैदानावर आपली पोरे बूट घालतील, असे ठरवले आणि त्यांच्याकडून बुटांचा सराव करून घेतला.

१९३३ साली संघ पहिल्या विभागात चढला. त्याच वर्षी सय्यद अब्दुस समद क्लबात आले. पूर्णियाचे, रेल्वेत नोकरी करणारे. लोक त्यांना ‘जादूगर’ म्हणत. वय तेव्हा अडतीस, म्हणजे फुटबॉलच्या हिशेबाने म्हातारा माणूस. त्यांच्याबद्दल एक आख्यायिका आहे. परदेशात एका सामन्यात त्यांचा फटका गोलच्या आडव्या दांड्याला लागून परत आला. समद पंचाला म्हणाले, माझा फटका चुकणार नाही, तुमचा गोलच ठेंगणा आहे. मोजले तर खरोखरच ठेंगणा निघाला. खरे-खोटे अल्लाह जाणे, पण चाळिशी ओलांडलेल्या आम्हा दोघांना ही गोष्ट फार आवडली.

१९३४ साली, पहिल्या विभागातल्या पहिल्याच वर्षी, मोहमेडनने कलकत्ता लीग जिंकली. आधीची सलग तीन वर्षे हे विजेतेपद डरहॅम लाइट इन्फन्ट्री या गोऱ्या पलटणीकडे होते. लीग १८९८ पासून चाललेली, पण एकाही भारतीय संघाला ती तोवर जिंकता आली नव्हती. मोहमेडनने ती एकदा जिंकून सोडली नाही. १९३४, ३५, ३६, ३७, ३८ अशी सलग पाच वर्षे जिंकली. १९३६ साली वर शील्डही. सासऱ्यांचे वालिद तेव्हा छापखान्यात कामाला होते. तिकिटाला पैसे नसायचे. पुठ्ठ्याच्या नळीत आरशाचे दोन तुकडे बसवून लोक गर्दीच्या डोक्यांवरून सामना पाहत. तशी एक नळी त्यांच्या घरी कितीतरी वर्षे होती.

त्याच संघातला मोहम्मद सलीम १९३६ साली बोटीने विलायतेला गेला आणि ग्लासगोच्या सेल्टिक या नामांकित क्लबाकडून दोन सामने खेळला. बूट न घालता, पायांना पट्ट्या बांधून. तिथली वर्तमानपत्रे चकित झाली. क्लबाने राहण्याचा आग्रह केला, पण घरची आठवण आली आणि सलीम परतला. पुढे म्हातारपणी आजारी असताना त्याच्या मुलाने सेल्टिकला पत्र लिहिले. तिकडून शंभर पौंडांचा ड्राफ्ट आला. मुलाने तो वटवला नाही, जपून ठेवला. सेल्टिकला वडिलांची आठवण आहे, एवढे त्याला पुरले.

आमच्या मुलाने इथे बरोबर कोपऱ्यात पकडले. ‘नानाजी, सलीम अनवाणी खेळला ना? मग बूट कशाला?’ सासरे म्हणाले, ‘बेटा, सलीम एक असतो. संघात अकरा असतात.’

पुढची गोष्ट मुंबईची. १८९१ साली, म्हणजे मोहमेडनला हे नाव मिळाले त्याच वर्षी, मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला. कितीतरी वर्षे त्यावर पलटणींचीच नावे कोरली गेली. तो जिंकणारा पहिला भारतीय संघ म्हणजे १९३७ सालचा बंगळूर मुस्लिम्स, आणि त्यांनी अंतिम सामन्यात हरवले ते मोहमेडनलाच! १९४० साली मोहमेडनने परतफेड केली. पुन्हा अंतिम सामना बंगळूर मुस्लिम्सशी, आणि रोव्हर्स कप मोहमेडनचा. त्याच डिसेंबरात दिल्लीला ड्युरँड कप. अंतिम सामना रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटशी. ड्युरँड जिंकणारा मोहमेडन हा पहिला भारतीय नागरी संघ. त्या सामन्याचे पंच होते कॅप्टन हरनाम सिंग. गोऱ्या पलटणीविरुद्ध मुसलमान नावाचा संघ, आणि शिट्टी शीख पंचाच्या तोंडात.

सगळे गोडच होते असे नाही. त्या काळच्या राजकारणाने या क्लबालाही आपल्या बाजूला ओढले. विजयाच्या मिरवणुकीत खेळ किती आणि राजकारण किती, हे सांगणे अवघड झाले. पण एक प्रसंग आम्हाला महत्त्वाचा वाटतो. १९३९ साली फुटबॉल संघटनेशी वाद झाला आणि मोहमेडन भर हंगामात लीगमधून बाहेर पडला. त्याच्यासोबत ईस्ट बंगाल आणि कालीघाट हे क्लबही बाहेर पडले. मैदानावर जे एकमेकांचे कट्टर, ते अन्यायाच्या भावनेने एका रांगेत उभे राहिले.

मग फाळणी झाली. कितीतरी लोक सरहद्दीपलीकडे गेले. क्लब संपला असे अनेकांना वाटले. पण १९४८ साली, फाळणीच्या दुसऱ्याच वर्षी, मोहमेडनने लीग पुन्हा जिंकली. पुढे या क्लबाने सगळ्यांना दार उघडले. हिंदू खेळाडू आले, इराणचा माजिद आला, नायजेरियाचा ख्रिस्ती चिमा ओकोरी भारतात पहिल्यांदा खेळला तो १९८५ साली याच काळ्या-पांढऱ्या जर्सीत. २०२४ साली आय-लीग जिंकून क्लब देशातल्या सगळ्यात वरच्या स्पर्धेत, इंडियन सुपर लीगमध्ये, पोहोचला. नाव तेच १८९१ चे. आतली माणसे मात्र सगळीकडची.

मगरिबची वेळ झाली. उठताना सासरे म्हणाले, ‘नाव दारावर लावतात ते आत येणाऱ्याला घर सापडावे म्हणून. कुणाला बाहेर ठेवायला कडी असते, नाव नसते.’ परतीच्या गाडीत आम्ही दोघे यावरच बोलत राहिलो.

खर्ड्याला आल्यावर पोरांना आणि त्या व्यापारी भावाला एकत्र बसवले. पाहिले, ऐकले, वाचले ते सगळे सांगितले. त्यांच्या म्हणण्यातले खरे काय तेही सांगितले. मोहमेडनचे नाव गाळलेल्यांना जागा मिळावी म्हणून होते. चाळीस वर्षे त्या नावाने कप दिला नाही. कप आला तो बूट, सराव आणि लांबून आणलेली माणसे यांच्यामुळे. आपल्या गोलकीपरला तर लांबून आणावे लागत नाही, तो पलीकडच्या वस्तीवर राहतो. गोलकीपर तिथेच मागे बसला होता, मान खाली घालून. व्यापारी काही बोलले नाहीत. चहा घेऊन निघून गेले. आम्हाला वाटले, दुखावले.

दहा-बारा दिवसांनी त्यांचा निरोप आला : पोरांच्या पायांची मापे पाठवा. बुटांचे निम्मे पैसे त्यांनी दिले, निम्मे आम्ही पालकांनी मिळून घातले. अटीबद्दल तेही बोलले नाहीत, आम्हीही विचारले नाही. मापांच्या यादीत पंधरा नावे होती. पहिले गोलकीपरचे, कारण त्याचा पाय सगळ्यात मोठा.

संघाला अजून नाव नाही. पोरांनी ठरवले आहे, परगावी जाऊन एक सामना जिंकू आणि मग नाव ठेवू. आतापर्यंत दोन हरले, एक बरोबरीत सुटला. पावसाळा तोंडावर आहे. किल्ल्याजवळच्या रानात चिखल होईल, तेव्हा बुटांची खरी परीक्षा. वाचक बंधू-भगिनींपैकी कोणी जामखेड-खर्डा वाटेने जात असेल तर संध्याकाळी किल्ला पाहायला जरूर थांबावे. लढाईचा इतिहास आम्ही सांगू. आणि पोरे खेळत असतील तर थोडा वेळ त्यांच्याकडेही पाहावे, दुआ करावी.